सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर : कर्नेलमध्येच की मॉड्यूल म्हणून?

घरच्या संगणकासाठी लिनक्स कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कंपाइल करणाऱ्याला पर्याय निवडताना सीडी ड्राइव्हपाशी आल्यावर ‘वाय’ (ड्रायव्हर कर्नेलमध्येच) की ‘एम’ (गरजेनुसार लोड होणारे वेगळे मॉड्यूल) हे ठरवावे लागते. ड्रायव्हर कोणता, हा प्रश्न आता उरलेला नाही. २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीतून ड्राइव्ह हाताळण्याची जुनी आयडीई व्यवस्था काढून टाकली गेली आणि तेव्हापासून ड्राइव्ह साटा जोडणीचा असो वा यूएसबीचा, तो ‘एसआर’ या स्कझी ड्रायव्हरच्याच ताब्यात जातो.

मॉड्यूलची बाजू वरवर पाहता भक्कम आहे. ड्राइव्ह जोडला की ते आपोआप लोड होते, नसेल तेव्हा मेमरी अडवत नाही आणि गरज पडल्यास संगणक बंद न करता काढून पुन्हा घालता येते. मात्र ही मेमरी सारी मिळून शंभरेक किलोबाइटच असते. शिवाय चरे पडलेल्या चकतीवर ड्राइव्ह अडकून बसतो, नेमका त्याच वेळी तो वापरात असल्यामुळे मॉड्यूल निघत नाही. निदान माझ्याकडे तरी ते कधी निघाले नाही.

माझा निर्णय झाला तो ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ या आज्ञेमुळे. कर्नेल आटोपशीर करण्यासाठी आपल्यापैकी बरेच जण ती वापरतात. त्या क्षणी जी मॉड्यूले लोड झालेली नाहीत, ती ही आज्ञा कॉन्फिगमधून, म्हणजे निवडलेल्या पर्यायांच्या यादीतून, वगळते. ‘वाय’ केलेल्या गोष्टींना मात्र हात लावत नाही. ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये बसवलेला असेल तर त्याचा ड्रायव्हर लोड असतो, पण आयएसओ ९६६० या सीडीवरच्या फाइलसिस्टीमचे (फाइलींच्या मांडणीचे) मॉड्यूल चकती माउंट केल्याशिवाय, म्हणजे वाचण्यासाठी जोडून घेतल्याशिवाय, लोड होत नाही, त्यामुळे ड्राइव्ह दिसतो आणि चकती मात्र उघडत नाही. माझा ड्राइव्ह यूएसबीचा असून त्या दिवशी कपाटात होता, म्हणून दोन्ही गोष्टी गेल्या.

घरच्या जुन्या छायाचित्रांची सीडी लावली तेव्हा हे लक्षात आले. दोन्ही पर्याय परत निवडले, पुन्हा कंपाइल केले, चकती उघडली. पण वडिलांनी फोल्डरांना देवनागरीत दिलेली नावे जाऊन त्यांच्या जागी आखूड, अर्थहीन अक्षरे आली होती. आयएसओ ९६६० गेले तेव्हा त्याखालचा जोलिएट हा लांब नावे वाचण्याचा पर्यायही गेला होता आणि मूळ पर्याय परत निवडला तरी तो आपण होऊन परतत नाही. विंडोजवर बनवलेल्या अशा सीडींवरची देवनागरी नावे सहसा जोलिएटमध्ये असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते आणि चकतीच खराब झाली असावी या भीतीने ती संध्याकाळ गेली.

ज्यांचा कर्नेल उबुंटूसारख्या लिनक्स वितरणाकडून तयार येतो, त्यांना मॉड्यूलच पुरेसे आहे, आणि ज्यांच्याकडे ड्राइव्ह वर्षातून एकदा निघतो त्यांनाही मॉड्यूलच बरे वाटेल, हे मी समजू शकतो. तथापि कॉन्फिग वारंवार छाटणाऱ्याने ‘वाय’चा विचार जरूर करावा, असे मला वाटते. माझ्या कॉन्फिगमध्ये आता एसआर, आयएसओ ९६६०, जोलिएट आणि डीव्हीडींसाठी यूडीएफ ही फाइलसिस्टीम हे चारही पर्याय ‘वाय’ आहेत. चकतीवरचा मजकूर संगणकावर उतरवणाऱ्या काही रिपिंग प्रोग्रामांना लागणारा स्कझी जेनेरिक हा ड्रायव्हरही मी तसाच ठेवला आहे, कारण मॉड्यूल म्हणून ठेवल्यास तो ड्राइव्ह जोडल्यावर आपोआप लोड होत नाही.