वायू गिळून की एकमेकांत मिसळून?

दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर दोन वाटांनी वाढतं: भोवतालचा वायू ओढून, नाहीतर दुसऱ्या कृष्णविवरात विलीन होऊन.

माझ्या मते खरं पोषण वायूचंच. तो थेट आत पडत नाही. गरगरत त्याची तबकडी बनते, घर्षणाने तापते आणि आत जाणाऱ्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा प्रकाश होऊन निसटतो. क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, झळकतात ती यामुळेच. १९८२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सोल्तान यांनी याच प्रकाशावरून उलटा हिशेब मांडला: एवढा उजेड पडायला किती वायू गिळला गेला असेल? आजच्या कृष्णविवरांचं एकूण वस्तुमान त्या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळतं. मात्र हाच प्रकाश उरलेला वायू तापवून बाहेर ढकलतो, म्हणजे जेवता जेवता ताटच सरकवलं जातं.

विलीनीकरणात नवी भर पडत नाही. दोन ढिगांचा एक होतो, उलट थोडं वस्तुमान गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांत, खर्ची पडतं. तरी आपल्या आकाशगंगेतलं कृष्णविवर सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ४३ लाख पट आणि एम८७ या अवाढव्य दीर्घिकेतलं ६.५ अब्ज पट, एवढी तफावत पाहिली की ही वाटही सोडता येत नाही. अशा अवाढव्य दीर्घिकांत थंड वायू फारसा उरत नाही. तिथे उशिराची वाढ बरीचशी टकरींतूनच होत असावी.

जून २०२३ मध्ये पल्सारांच्या, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांत अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्या. त्या एकमेकांभोवती फिरत विलीन होऊ पाहणाऱ्या अशाच महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात, आणि त्या शोधात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.