क्रंबल, केक की अख्खं भाजलेलं सफरचंद?

सफरचंद आणि दालचिनीचं काहीतरी भाजून करावं असं मनात आलं की बहुतेकांना ॲपल पाय आठवतो. तो तूर्त बाजूला ठेवू. पायची पारी गार ठेवून लाटायची, ती तळाला ओली राहू द्यायची नाही, कडा दुमडायच्या, हे सगळं मुंबईच्या उकाड्यात पहिल्याच खेपेला कशाला? तीच चव देणारे तीन सोपे पदार्थ आहेत. क्रंबल म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर पीठ-लोण्याचा भुगा पसरून भाजलेला पदार्थ. दुसरं, गाभा कोरून त्यात सुकामेवा भरलेलं अख्खं सफरचंद. तिसरा, साधा सफरचंदाचा केक. साहित्य तिन्हींचं जवळपास तेच. कोणता करायचा हे मात्र टोपलीत कोणतं सफरचंद आहे आणि ओट्यावर ओटीजी (म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन), मायक्रोवेव्ह की नुसता गॅस आहे, यावर ठरवावं. कृती निवडून मग सफरचंद आणायला गेलं तर निम्म्या वेळा फसगत होते.

सफरचंद कोणतं?

परदेशी कृती इथे हटकून दगा देतात. इंग्लंडमध्ये क्रंबल बहुधा ब्रॅमली सफरचंदाचा करतात. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये एका मुलीने बिया पेरल्या, त्यातून ते झाड आलं. फळ इतकं आंबट की कच्चं सहसा कोणी खात नाही, शिजलं की मऊ लगदा होतो. त्या आंबटपणाला पुरेल एवढी साखर तिथल्या कृतीत सांगितलेली असते.

आपल्याकडे उलट. हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये शिमल्याजवळच्या कोटगढ भागात अमेरिकेहून आणलेली रेड डिलिशसची रोपं लावली आणि पुढे हिमाचलच्या बागाच बदलून गेल्या. आज गाडीवर ‘रॉयल’ म्हणून मिळतं ते याच डिलिशस कुळातलं. हे फळ कच्चं खाण्यासाठीच. गोडी भरपूर, आंबटपणा अगदी थोडा. भाजल्यावर ते नुसतंच गोड लागतं, चवीला धार राहत नाही. त्यामुळे इंग्रजी कृतीत फळासाठी सांगितलेली साखर सरळ निम्मी करायची आणि चार सफरचंदांना अर्धं लिंबू पिळायचं. एवढं केलं की निम्मं काम झालं.

हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर प्रश्नच नाही. आंबट, टणक, भाजल्यावर फोड शाबूत. पण आपल्याकडे ते बहुतेक आयात केलेलं आणि महाग असतं. पिवळं गोल्डन डिलिशस हा मधला मार्ग. रॉयलपेक्षा आकार जरा बरा धरतं. दोन जातींची सफरचंदं मिसळली तर सगळ्यात छान, एक विरघळतं, दुसरं दाताखाली येतं. लंडनला राहणाऱ्यांनी ब्रॅमली घ्यावं आणि साखरेला हात आखडू नये.

ऋतूही बघायचा. हिमाचलचा माल साधारण जुलैपासून यायला लागतो, मागोमाग काश्मीरचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा खरा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये मिळतात ती बरीचशी शीतगृहातली, आणि त्यातली काही आतून पिठूळ झालेली. असं पिठूळ सफरचंद अख्खं भाजू नका, बसकण मारतं. ते केकमध्ये घाला, तिथे कोणाला कळतही नाही.

क्रंबल: ओटीजी असेल तर हाच

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर रेशनवर आली. पायपेक्षा कमी सामानात भागणारा क्रंबल त्या काळात घरोघरी रुजला. त्यात लाटणं नाही, साचा नाही, अंडं नाही, फुगण्याची चिंता नाही.

चार मध्यम सफरचंदांच्या बोटभर जाडीच्या फोडी, लिंबाचा रस, दोन चमचे साखर, चहाचा एक चमचा दालचिनी पूड. हे सगळं काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात पसरायचं. वरच्या भुग्यासाठी १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम गार लोणी आणि चिमूट मीठ. बोटांच्या टोकांनी चोळत राहायचं, ब्रेडच्या जाड चुऱ्यासारखं दिसलं की थांबायचं. मूठभर ओट्स घातले तर कुरकुरीतपणा वाढतो. निम्मी कणीक चालते. सगळीच कणीक घेतली तर भुगा जड लागतो. १८० अंशांवर आधी तापवलेल्या ओटीजीत ३५ ते ४० मिनिटं. कडेने रस बुडबुडायला लागला आणि वरचा रंग सोनेरी झाला की झालं.

लोण्याऐवजी तूप? चालतं, पण गोठलेलं, रवाळ हवं. तुपात पाणी नसतं, म्हणून ६० ऐवजी ४५ ते ५० ग्रॅम पुरे. भुगा मग नानकटाईच्या अंगाने जातो, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. घरच्या लोण्यात पाणी राहिलेलं असतं, ते वापरायचं तर आधी दाबून काढा, नाहीतर भुग्याचा गोळा होतो. उन्हाळ्यात हाताच्या उष्णतेनेच लोणी पाघळतं, तेव्हा चोळलेला भुगा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग पसरावा.

क्रंबलची अडचण एकच, त्याला वरून आच लागते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर पांढुरका आणि चिकट राहतो. कुकरमध्ये किंवा कढईत आच खालून येते, तिथेही रंग चढत नाही. ओटीजी किंवा कन्व्हेक्शनवाला (गरम हवेने भाजणारा) मायक्रोवेव्ह नसेल तर एक पळवाट आहे. फोडी पातेल्यात झाकण ठेवून शिजवा, भुगा जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर परता आणि वाढताना एकावर एक घाला. खमंग लागतं, पण भाजताना रस वर चढून भुग्यात मुरतो ती मजा त्यात नाही.

अख्खं सफरचंद: एका-दोघांसाठी

जर्मनीत हा नाताळच्या दिवसांतला पदार्थ. तिथे बोस्कोपसारखं आंबटसर सफरचंद घेतात आणि पोटात मार्झिपान (बदाम-साखरेचा गोळा), मनुका, बदाम भरतात. आपल्याकडे मनुका, अक्रोडाचे तुकडे, चमचाभर गूळ, दालचिनी आणि वर लोण्याचा खडा पुरतो. गूळ इथे साखरेपेक्षा सरस, दालचिनीशी त्याचं चांगलं जमतं.

देठाकडून कोरत जा, बिया काढा, पण तळ फोडू नका. सेंटीमीटरभर गर खाली राहिला पाहिजे, नाहीतर पाक गळून जातो. सालीला मध्यावर सुरीने गोल चीर द्या, म्हणजे वाफेने फळ वेडंवाकडं फुटत नाही. ताटलीत अर्धी वाटी पाणी घालून १८० अंशांवर ३० ते ४० मिनिटं. साल खायची असल्याने मेणाचा थर असलेली चकचकीत सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा.

साध्या मायक्रोवेव्हमध्येही हे जमतं. एका फळाला चार-पाच मिनिटं पुरतात. साल सुरकुततेच असं नाही, रंगही येत नाही, पण आतला गर मऊ आणि रसरशीत होतो. हॉस्टेलवर किंवा परदेशात एकट्याने राहणाऱ्यांनी दुसरं काही बघूच नये. पीठ नाही, अंडं नाही. उपासाला चालेल का, हे मात्र दालचिनी चालते का यावर, म्हणजे घरच्या रीतीवर.

उणीव म्हणाल तर सहा माणसांना वाढायचं असेल तर सहा फळं कोरत बसावं लागतं. आणि ते गरमच खायचं. गार झाल्यावर पाक घट्ट, फळ मलूल.

केक: डब्यासाठी आणि गॅसवाल्यांसाठी

यात मोजमाप सांभाळावं लागतं, म्हणून तिघांत हा थोडा अवघड. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, पाऊण वाटी दही, ८० मिली बिनवासाचं तेल, चहाचा एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, एक चमचा दालचिनी आणि दोन सफरचंदांचे बारीक तुकडे. तुकड्यांना चमचाभर मैदा लावून घ्या, तळाला बसत नाहीत. सफरचंद भाजताना पाणी सोडतं, म्हणून मिश्रण नेहमीच्या केकपेक्षा घट्टच ठेवा. १७० ते १८० अंशांवर साधारण ४५ मिनिटं. मध्यभागी सुरी टोचून बघा, पण ती सफरचंदाच्या तुकड्यात गेली तर ओली निघणारच, दुसरीकडे टोचा.

ओव्हन नसलेल्यांना खालून मिळणारी आच इथे पुरते. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, वर केकचं भांडं, घट्ट झाकण, मंद गॅस. माथा फिका राहतो, उलटा करून वाढला की काम भागतं. कुकर कोरडा तापवण्यापेक्षा मला कढई बरी वाटते. शिवाय केक दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो आणि डब्यात जातो, क्रंबल जात नाही.

दालचिनीचं थोडं

किराण्याच्या दुकानातली जाड, कडक, एकेरी वळलेली साल ही बहुधा कॅसिया, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची. तिखट, झणझणीत. पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरता येणारी ती खरी दालचिनी. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून ती लावतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जातही आहे. केक आणि क्रंबलला कॅसिया चालते, लोणी आणि साखर तिला सावरून घेतात. अख्ख्या सफरचंदात मात्र पातळ सालीची नाजूक गोडसर दालचिनी घ्या. कुठलीही असो, ऐनवेळी कुटलेली; वर्षभर पडून राहिलेल्या पुडीत वास उरत नाही.

पाहुणे येणार असतील तर क्रंबलचा भुगा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा, फोडी मात्र त्याच दिवशी चिरा. जेवायला बसताना भांडं ओटीजीत सरकवायचं, ताटं उठेपर्यंत तयार. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम किंवा पातळ कस्टर्ड. दुधाची जाड साय साखर घालून फेटलीत तरी चालेल, फक्त ती वाढेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा.