जे-२४, जे-१०५ की जुनी जिनोआवाली? क्लबच्या हँडिकॅप शर्यतींसाठी यॉट निवडताना

जुनी यॉट शोधणारे बरेच जण हँडिकॅपचा आकडा (कमी-जास्त वेगाच्या होड्यांना एकत्र शर्यत लढता यावी म्हणून वेळेत केली जाणारी भरपाई) पत्रिकेसारखा पाहतात. आकडा जुळला की सौदा पक्का. पण हा आकडा देताना तळ गुळगुळीत आहे, शिडं ताजी आहेत आणि खलाशी सरावलेले आहेत असं धरलेलं असतं. तुमच्या हाती येणारी होडी तीस-चाळीस वर्षांची असते. गृहीत होडी आणि खरी होडी यांच्यातला फरक तुम्हीच भरून काढायचा असतो.

तो किती, हे हिशेबाने पाहू. आयआरसी या आंतरराष्ट्रीय हँडिकॅप पद्धतीत लागलेल्या वेळेला होडीच्या गुणकाने गुणतात. गुणक ०.९०० असेल आणि शर्यतीला १०० मिनिटं लागली, तर ९० मिनिटं धरली जातात. थकलेल्या शिडांमुळे आणि शेवाळलेल्या तळामुळे तुम्हाला दोन मिनिटं जास्त लागली, तरी गुणक तोच राहतो. क्लबमध्ये निकाल कित्येकदा काही सेकंदांवर लागतो. अमेरिकेत रुळलेल्या पीएचआरएफ हँडिकॅप पद्धतीत आकडा म्हणजे सागरी मैलामागे मिळणारी सेकंदांची सूट, हळू होडीला जास्त: जे-२४ चा साधारण १७१, जे-१०५ चा ८० ते ९० च्या घरात. दहा मैलांच्या शर्यतीत जे-१०५ ने जे-२४ ला सुमारे १४ मिनिटं मागे टाकलं, तर कुठे बरोबरी होते.

आता उमेदवार. जे-२४ ही रॉड जॉनस्टन यांची, १९७७ पासून बाजारात असलेली २४ फुटी होडी. पाच हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, त्यामुळे सुटे भाग, जुनी शिडं, डोलकाठी जुळवण्याची कोष्टकं, सगळं सहज मिळतं. जे-१०५ ही १९९१ ची, १०.५ मीटर लांब. नाकातून पुढे सरकणाऱ्या दांड्यावर असममित स्पिनेकर (मागून वारा असताना उडवायचं फुगीर शीड) उडवते. तिसरी ही एक होडी नाही, घराणं आहे: १९७० च्या दशकातल्या आयओआर या हँडिकॅप नियमाच्या छायेत वाढलेल्या ३० ते ३५ फुटी जड होड्या. मागून निमुळत्या, मुख्य शीड लहान आणि जिनोआ, म्हणजे पुढचं शीड, डोलकाठीच्याही मागे जाणारं, अवाढव्य.

सगळ्यात आधी माणसं मोजा. दर आठवड्याला नक्की येणारी, 'बघतो, जमलं तर' म्हणणारी नव्हे. जे-२४ ला साधारण पाच जण लागतात. जे-१०५ लाही पाच-सहा, पण तिथे प्रत्येकाला कसब कमी लागतं. स्पिनेकरला पोल (शीड बाहेर धरणारा दांडा) नाही, जिब हे पुढचं शीडही आटोपशीर. जुन्या जिनोआवाल्या होडीत मात्र प्रत्येक टॅकला (वाऱ्याविरुद्ध वळताना) कुणीतरी विंच, म्हणजे दोर ओढायचा रहाट, घुमवून घामाघूम होतो आणि पाठवाऱ्यात जाइब करताना (शिडाची बाजू बदलताना) पुढच्या डेकवर पोल फिरवणारा तरबेज माणूस हवा. असा माणूस क्लबात दुर्मीळ असतो आणि तो आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी होडीवर असतो.

मग वारा आणि मार्ग. हँडिकॅपचा आकडा बहुधा एकच असतो, वारा मंद असो वा सोसाट्याचा. म्हणून आपल्या पाण्यात बहुतेक वेळा काय असतं ते बघून होडी घ्यावी. मंद वाऱ्यात सरळ वर-खाली मार्ग (वाऱ्याविरुद्ध जाऊन पाठवाऱ्यात परत) असेल तर जे-१०५ अडचणीत येते: असममित शिडाला वारा थेट पाठीवर घेता येत नाही, तिरकं जावं लागतं, अंतर वाढतं. आडव्या वाऱ्याचे टप्पे असले आणि वारा चढला की तीच सुसाट निघते. जड होडी वाऱ्याविरुद्ध, लाटांतून नेटाने जाते; पाठवाऱ्यात जोर वाढला की मात्र डोलायला लागते आणि सुकाणू ऐकेनासं होतं.

या घराण्याला कमी लेखू नका, पण. स्पार्कमन अँड स्टीफन्स या आरेखकांची 'लव्ह अँड वॉर' सिडनी-होबार्ट शर्यतीत हँडिकॅपवर १९७४ आणि १९७८ मध्ये जिंकली, आणि पुन्हा २००६ मध्येही! त्याच काळातली कॉन्टेसा ३२ घ्या. १९७९ च्या, वादळाने भीषण ठरलेल्या फास्टनेट शर्यतीत सगळ्यात लहान गटातून एकच होडी शर्यत पूर्ण करू शकली, ती 'असेंट' नावाची कॉन्टेसा. अर्थात बुधवारच्या संध्याकाळच्या दीड तासाच्या शर्यतीत वादळ झेलण्याच्या ताकदीचे गुण मिळत नाहीत.

जे-२४ बद्दल माझी एक तक्रार आहे. तिच्या वर्गात इतके निष्णात लोक शर्यती लढलेत की होडीचा आकडा त्यांच्या कर्तबगारीवर ठरलाय असं वाटतं. नवख्याला तो गाठणं जड जातं. शिवाय केबिनमध्ये उभंही राहता येत नाही, म्हणजे घरच्यांच्या सहलीचा विषय संपला. तरीही शिकायचं असेल तर हिच्याइतकी कडक मास्तरीण नाही.

तपासणीत दोन्ही जे होड्यांचा वैरी एकच: बाल्सा लाकडाच्या गाभ्यात मुरलेलं पाणी. कठड्याचे खांब, विंच, डोलकाठीच्या तारा जिथे अडकतात त्या जागा, इथे डेक ठोकून ऐका; बद्द आवाज आला तर सर्व्हेअरला ओलावा मोजायला लावा. जुन्या जे-२४ मध्ये कीलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) वरच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट हे हलकं खनिज भरलेलं असायचं, ते पाणी पिऊन बसतं. जिनोआवाल्या होड्यांचं अंग बहुधा जाडजूड भरीव फायबरग्लासचं, तिथे तळाचे फोड आणि कीलचे बोल्ट बघायचे. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या याची पावती तिन्हींच्या बाबतीत मागा. दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर तो खर्च तुमच्या खिशातून जाणार.

माझा कौल विचाराल तर: पाच भरवशाची माणसं, बदलता वारा आणि बरे पैसे असतील तर जे-१०५. पैसे कमी आणि शिकायची भूक असेल तर जे-२४. जिनोआवाली तेव्हाच घ्या, जेव्हा पाण्याला लाटा आहेत, मार्ग लांब आहेत आणि पोलवाला माणूस तुमचा सख्खा मित्र आहे. आणि कोणतीही घेतलीत तरी, विक्रेत्याने दहा वर्षांपूर्वीची शिडं 'शर्यतीचा संच' म्हणून किमतीत धरली असतील, तर त्यांची किंमत शून्य धरून बोलणी सुरू करा.