भारूड की रांगोळीचा गावनकाशा?

हागणदारीवर गावाला बोलतं करायचं तर मराठवाड्यात भारूड हाताशी आहेच. पैठणच्या नाथांचीच देणगी. वीस मिनिटांत गर्दी हसते, पण प्रश्न कुणाच्या दारातला ते मोघम राहतं. संहिता बाहेरून आणली तर टाळ्या पडतात, काम हलत नाही.

रांगोळीचा नकाशा, म्हणजे गावकऱ्यांनीच जमिनीवर काढलेलं गाव, रूक्ष, पण नेमका. पारासमोर आधी रस्ते, मग घरं. निळ्याने हातपंप, हळदीने उघड्यावरच्या जागा. संडासाचा शोषखड्डा (मैलापाणी जमिनीत जिरवणारा) हातपंपापासून दहा मीटरच्या आत आला की बायकाच बोट ठेवतात. मात्र पुरुष रांगोळी बळकावतात, म्हणून बायकांचा नकाशा वेगळा काढा. वारा सुटण्याआधी कागदावर उतरवा.

आमची पसंती नकाशाला. भारूड नंतर, नकाशातल्याच खुणांवर रचलेलं.