धुऱ्यावरच्या झाडाला पिवळं फळ लागलं तेव्हा कळलं

डिसेंबर २०२२. धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, एका झाडाला पाच फळं लागली होती. मी ती तोडून घरी आणली आणि आईच्या हातात दिली. तिने एक फळ उलटसुलट करून पाहिलं, नखाने साल खरवडून वास घेतला आणि म्हणाली, "हे त जंबेरी आहे रे."

मुठीएवढं पिवळं फळ, साल खरखरीत, गाठीगाठींची, देठाकडे उंचवटा. कापलं तर आत फिक्कट पिवळा गर आणि बियाच बिया. हे झाड मुळात संत्र्याचं कलम. खाली मुळांचा भाग दुसऱ्या लिंबाचा, त्याला खुंट म्हणतात, आणि त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरलेला. २०१९ च्या उन्हाळ्यात रोह्याने (नीलगायीने) ते डोळ्याच्या जागेवरच मोडलं होतं. खालून खुंटाचे फुटवे आले, पण झाड धुऱ्यावर असल्यामुळे कुणी ते काढले नाहीत. साडेतीन वर्षांनी त्याच फुटव्यांना ही फळं लागली. म्हणजे खुंटाने आपलं नाव स्वतःच सांगितलं. आणि मला विकताना त्या खुंटाचं नाव रंगपूर सांगितलं गेलं होतं.

रंगपूर लिंबाचं फळ ज्यांनी पाहिलंय त्यांची गफलत होणार नाही. ते लहान संत्र्यासारखं दिसतं. साल केशरी आणि ढिली, आतला गरही केशरी, चव मात्र आंबट ढाण. माझ्या हातातलं फळ ते नव्हतं.

आमचं वावर काटोल तालुक्यात आहे. तीन एकर भारी काळी जमीन, दीड-दोन फुटांखाली चोपण माती. पाऊस लागून पडला की पाणी लवकर निचरत नाही. हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच २०१७ मध्ये संत्रा लावायचं ठरलं तेव्हा मी रोपवाटिकेत पहिला प्रश्न खुंटाचा विचारला. कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत ऐकलं होतं, की भारी जमिनीत जंबेरीपेक्षा रंगपूर बरा. तो पाण्याचा ताण सोसतो, चुनखडीला दबत नाही आणि मूळकुजीला जंबेरीइतक्या लवकर बळी पडत नाही. रोपवाटिकावाल्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, आपल्याकडे रंगपूरशिवाय दुसरा खुंटच नाही. डोळे झाकून घेऊन जा."

फेब्रुवारीत इसार दिला, जुलैत कलमं उचलली. ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० प्रमाणे ३३० कलमं, नग ४५ रुपये. एकूण १४,८५०. रोख दिले. पावतीवर लिहिलं होतं, 'संत्रा कलमे ३३०'. खुंटाचा उल्लेखच नाही, आणि मीही तो लिहून मागितला नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात हा एक कागदच माझ्या विरोधात उभा राहिला.

कलमं दिसायला फार सुंदर होती. गुडघ्याच्या वर उंच, पानं गर्द हिरवी. शेजाऱ्यांनी येऊन पत्ता विचारला. आता समजतं, ती टवटवी खुंटाचीच होती. जंबेरीचं रोप जोमदार असतं. ते लवकर पेन्सिलीएवढं जाड होतं, त्यावर डोळा लवकर भरता येतो आणि माल लवकर विकायला निघतो. एका फळात भरपूर बिया मिळतात, त्यामुळे बीही स्वस्त. बी टाकल्यापासून कलम विकेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात, त्यातले तीन-चार महिने जरी वाचले तरी रोपवाटिकावाल्याचा फायदा. त्याच्या दारात जे कलम सगळ्यात चांगलं दिसतं, ते आपल्या जमिनीसाठी चांगलं असेलच असं नाही. आपण पान बघतो, उंची बघतो. ज्याच्यावर वीस-पंचवीस वर्षं बाग उभी राहणार असते तो सहा-नऊ इंचांचा तुकडा कुणी निरखत नाही.

जंबेरीला मी सरसकट वाईट म्हणत नाही. आमच्या आजोबांच्या काळातल्या बागा जंबेरीवरच होत्या. निचऱ्याच्या खोल जमिनीत या खुंटावरचं झाड मोठं होतं, भरघोस लागतं. पण त्याची फळं मोठी, जाड सालीची आणि रसाला जरा पातळ होतात, आणि जमीन ओली राहिली की त्याची मुळं पहिल्यांदा जातात. एकच खुंट एका वावरात सोनं पिकवतो आणि दुसऱ्यात बाग संपवतो. म्हणून तर नाव विचारायचं असतं. आणि विचारल्यावर खोटं सांगणं याला मी फसवणूकच म्हणतो.

पहिली चार वर्षं बाग जोरात वाढली. २०२१ चा आंबिया, म्हणजे हिवाळा सरताना येणारा बहार, हलका धरला, फळं बरी आली. मग २०२२ चा जुलै-ऑगस्ट. विदर्भातल्या लोकांना तो पावसाळा आठवत असेल. आमच्या वावरात आठ-आठ दिवस आळ्यांत पाणी उभं होतं. चर काढले, तरी खालची चोपण माती पाणी सोडेना. सप्टेंबरात पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. ऑक्टोबरात बुंध्यावर, कलमाच्या जोडाजवळ डिंक आला. दिवाळीनंतर काही झाडं अवेळी फुलांनी भरून गेली. बायको म्हणाली, बहार चांगला दिसतोय. मला मात्र धडकी भरली, कारण डिंक्या रोग लागलेलं झाड जाण्याआधी असंच फुलतं, हे मी दुसऱ्यांच्या बागेत पाहिलं होतं.

एका झाडाखालची माती हाताने उकरली. बारीक मुळ्या तपकिरी पडल्या होत्या. एक मुळी दोन बोटांत धरून हळूच ओढली, तर वरची साल मोजा निघावा तशी अख्खी हातात आली आणि आत पांढरा दोरा राहिला. ही फायटोप्थोराची खूण. ही बुरशी जमिनीतल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जाते, म्हणून पाणी साचलं की तिचा जोर. आम्ही औषधाची आळवणी केली, म्हणजे औषधाचं पाणी मुळांशी ओतलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असं बोर्डो मलम करून बुंध्यांना लावलं. काही झाडं तगली, बहुतेक नाही. २०२४ च्या मार्चपर्यंत ३३० पैकी १९० झाडं काढावी लागली.

माझ्या चुलतभावाचं वावर बांधाला बांध लागून आहे. तीच माती, तोच पाऊस, साचलेलं पाणीही तेच. त्याने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून रंगपूरवरची कलमं आणली होती. त्याचीही अकरा झाडं गेली, हे खोटं सांगणार नाही. रंगपूर काही अमर नाही. पण त्याची अकरा आणि माझी १९०. बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला बाग दिसते आणि उजव्या हाताला खड्डे.

आणखी एक गोष्ट माझी बाग जायला कारणीभूत झाली. संत्र्याला डोळा जमिनीपासून साधारण ९ इंच उंचीवर भरायला हवा. जोड जितका उंच, तितकं पाणी आणि चिखल त्याच्यापासून लांब. माझ्या कलमांचे जोड तीन-चार इंचांवर होते. लावताना आम्ही माती ओढली तेव्हा निम्मे जोड मातीला टेकले. ते २०१७ मध्येच माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण काय बघायचं ते माहीत नव्हतं.

पिवळी फळं पिशवीत घालून मी रोपवाटिकेत गेलो. तोच माणूस, तीच खुर्ची. आधी म्हणाला, "तुमच्या जमिनीत पाणी साचतं, त्याला मी काय करू?" फळं टेबलावर ठेवली, तर म्हणाला, "ही माझ्याच कलमाची कशावरून? धुऱ्यावर कुणीही काहीही लावतं." मी म्हटलं, चला वावरात, उभ्या झाडांचे खुंट दाखवतो. त्यावर तो उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दादा, खुंट जमिनीत गेला. आता तो रंगपूर होता का जंबेरी, हे कोण सांगणार?" या एका वाक्यावर हा सगळा धंदा चालतो. पान आणि काडी बघून दोन्ही खुंट ओळखणं जाणकारालाही सोपं नाही. खात्री फळावरून पटते, आणि फळ यायला कलम मोडावं लागतं, वर काही वर्षं जावी लागतात. तोवर पावती हरवते, माणूस थकतो. शेवटी त्याने शंभर कलमं फुकट देऊ केली. मी घेतली नाहीत. त्यांचा खुंट कोणता, हे मला पुन्हा त्याच तोंडून ऐकायचं होतं का?

वकिलांकडे गेलो. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. परवाना लागतो, आणि कोणत्या खुंटावर कोणती कलमकाडी (वरच्या झाडाची काडी) बांधली याची नोंद ठेवावी लागते. त्या रोपवाटिकेच्या भिंतीवर परवाना टांगलेला होता, पण तो दुसऱ्याच नावाचा होता, हे मी २०२३ मध्ये पहिल्यांदा वाचलं. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय की शेतकरी हा ग्राहक आहे. पण तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि माझ्या बाबतीत कारण कधी घडलं, २०१७ ला की २०२२ ला, इथूनच वाद. त्यात पावतीवर 'रंगपूर' हा शब्द नाही. वकील सरळ माणूस होता. त्याने सांगितलं, खर्च कराल, तारखा कराल, हातात काय येईल याचा भरवसा देत नाही. मी तिथेच थांबलो. त्याचा सल ​अजून आहे.

कलमं घ्यायला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पावतीवर खुंटाचं नाव, कलमकाडी कुठल्या मातृवृक्षाची, परवाना क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून एकही कलम घेऊ नका, मग भाव कितीही कमी असो. इसार देण्याआधी विचारा, खुंटाचं बी कुठल्या झाडाचं? ती झाडं दाखवा म्हणा, आणि शक्यतो हिवाळ्यात जा, म्हणजे झाडावर फळं असतील. केशरी फळ दिसलं तर ठीक. 'बी बाहेरून येतं' असं म्हणाला तर परत फिरा. खुंटाचे वाफे बघा. या लिंबांच्या एका बीतून बहुधा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बरीचशी हुबेहूब मूळ झाडासारखी असतात. जी खुजी किंवा वेगळ्या पानाची दिसतात ती संकरातून आलेली, ती उपटून टाकायची असतात. वाफ्यात लहान-मोठी, वेगवेगळ्या पानांची खिचडी दिसली तर समजा, तिथे काहीच उपटलं जात नाही, सगळं विकलं जातं. जोड मोजायला खिशात टेप ठेवा. एक कलम धुऊन मुळं बघा, आणि रोपवाटिका जुन्या संत्रा बागेच्या जागेवर असेल तर मुळांबरोबर बुरशीही घरी येऊ शकते, हे लक्षात असू द्या.

लावल्यावरही एक करता येतं, ते मला फार उशिरा सुचलं. शंभरातली दोन कलमं धुऱ्यावर वेगळी लावा, डोळ्याच्या खाली कापा आणि खुंट वाढू द्या. तीन-चार वर्षांत तोच तुम्हाला सांगेल तो कोण आहे. तोवर पावती आणि कलमांचे फोटो जपून ठेवा, आणि शंका आली त्याच दिवशी कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

नाशिकचे एक द्राक्षबागायतदार पाहुणे आले होते, त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे आम्ही आधी डॉगरिज नावाच्या द्राक्षवेलाचा खुंट वावरात लावतो, तो पाच-सहा महिने वाढवतो आणि पावसाळा सरता सरता त्यावर आमच्या हाताने कलम बांधून घेतो. खुंट डोळ्यांसमोर वाढलेला असतो. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाच्या रोपवाटिकेतल्या ओळखीने रंगपूरची पिकलेली फळं मिळवली. फळ कापून, बी धुऊन, राखेत चोळून सावलीत जरा कोरडं केलं आणि लगेच पेरलं, कारण हे बी वाळलं की उगवत नाही. गादीवाफ्यावर सुमारे ६०० रोपं उगवली. त्यातली नव्वद-एक खुजी आणि वेगळ्या पानाची निघाली, ती आईने आणि मी बसून उपटली. आई प्रत्येक रोपाचं पान चुरगळून वास घेत होती. धुऱ्यावरचं ते जंबेरीचं झाड मी काढलेलं नाही. कलमं घ्यायला निघालेला कुणी घरी आला की त्याला आधी तिथे नेतो आणि फळ हातात देतो.