पूर-वादळात होणाऱ्या नुकसानीसाठी नगरपरिषदेनं आपल्या मालमत्तेचा विमा काढायचा की स्वतःचा फंड ठेवायचा?

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात घुसली तेव्हापासून कोकणातल्या छोट्या नगरपरिषदांच्या बजेटवर बोलताना हा विषय निघतोच.

विम्याचं बरं असं की प्रीमियम ठरलेला, त्याची तरतूद करून टाकली की झालं, आणि मोठा पूर आला तर पैसा बाहेरून येतो. पण प्रीमियमवर जीएसटी, आणि खरी गोम विम्याच्या रकमेत आहे. पंपहाऊसची किंमत १ कोटी, प्रीमियम वाचवायला विमा काढला ५० लाखांचा, आणि नुकसान झालं २० लाखांचं, तर कंपनी २० देत नाही, विमा निम्म्याच किमतीचा म्हणून त्याच प्रमाणात कापून साधारण १० देते, आणि हे ऑफिसात कळतं कधी, तर कंपनीचा नुकसान मोजणारा सर्व्हेअर चिखलातली मोटर बघून गेल्यावर!

स्वतःच्या फंडात व्याज आपलं, क्लेमची कटकट नाही, मोटर लगेच रिवाइंडिंगला टाकता येते. पण घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली आधीच रडतखडत, त्यात निवडणूक जवळ आली की फंडाच्या एफडीवर सगळ्यांचा डोळा. शिवाय फंड भरायच्या आधीच निसर्ग चक्रीवादळासारखं वादळ आलं तर काय करणार?

गाड्यांचं वेगळं. घंटागाडीला थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) लागतोच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये स्थानिक संस्थांना सूट मिळू शकते पण त्यासाठी वेगळा निधी आणि सरकारचा आदेश लागतो, छोट्या गावानं त्या भानगडीत पडूच नये.

माझं मत, पंपहाऊस आणि जलशुद्धीकरण केंद्राचा पूर्ण किमतीचा विमा, बाकी पथदिवे, पत्रे, कौलं फंडातून.