मॅमथ बाइक पार्क: दोन दिवस, एक कोरडा आणि एक ओला

आधीच सांगून टाकतो, मी काही भारी रायडर वगैरे नाही. चाळिशी उलटून गेलीये, सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगरातल्या ट्रेलवर जातो, छोट्या जंप मारतो आणि मोठ्या जंप आल्या की मान खाली घालून बाजूच्या वाटेने गुपचूप निघून जातो. त्यामुळे हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांना हवेत उलटंसुलटं व्हायचंय त्यांनी माझ्या मेव्हण्याला विचारा, तो सोबत होता आणि दोन्ही दिवस तो मला बहुतेक वेळा गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारच्या, लाइनीतच भेटला.

पार्क मॅमथ माउंटनवर, कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या पूर्वेच्या अंगाला. हिवाळ्यात स्की रिसॉर्ट, आणि बर्फ वितळलं की तीच गोंडोला सायकली वर नेते. खाली पायथ्याला मेन लॉज साधारण ९,००० फुटांवर, मधला थांबा मॅकॉय स्टेशन, आणि माथा ११,०५३ फूट. सिंगलट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट, ८० मैलांच्या वर आहे त्यामुळे दोन दिवसांत सगळं बघून होईल असल्या भ्रमात राहू नका, आम्ही निम्मंही केलं नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे धूळ. तुमच्या घरी न्हाणीघरात टाचा घासायचा तो हलका, भोकंभोकं असलेला करडा दगड असतो ना? तो प्यूमिस. तो दगड कुटून त्याचा रवा, भरडा आणि पीठ असं सगळं एकत्र करून डोंगरभर पसरलंय अशी कल्पना करा आणि त्यावरून सायकल चालवा. हा डोंगर मुळात दाट चिकट लाव्हाचे थर एकमेकांवर साचून झालेला, लाँग व्हॅली नावाच्या अवाढव्य काल्डेराच्या, म्हणजे स्फोटानंतर जमीन खचून झालेल्या खड्ड्याच्या, कडेला बसलेला. काल्डेरा साधारण ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातला, त्यामानाने डोंगर म्हणजे कालचं पोर, त्याची वाढ थांबली साधारण ५७ हजार वर्षांपूर्वी. शेजारच्या मोनो-इन्यो क्रेटर्सच्या रांगेतले काही स्फोट तर जेमतेम ६००-७०० वर्षांपूर्वीचे, आणि त्यांनी उडवलेला प्यूमिस आजूबाजूला सगळीकडे पडलाय. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण आपला काळा पाषाण टायरला धरून ठेवतो. इथलं प्रकरणच वेगळं. प्यूमिसमध्ये गॅसचे बुडबुडे अडकलेले म्हणून तो हलका, त्यात चिकणमाती नावालाच, त्यामुळे तो दाबून बसत नाही, कितीही टायर गेले तरी नुसता भुगा होतो आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढीग लागतो.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी आम्ही शहाण्यासारखे थेट माथ्यावर गेलो. गोंडोलातून उतरलो, पश्चिमेला मिनारेट्सचे सुळके, उत्तरेला लांब मोनो लेकची चकाकी, फोटोबिटो काढले, आणि सायकल ट्रेलपर्यंत ढकलत नेली एवढ्यातच धाप लागली. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, लिफ्ट आहे म्हणजे दम लागणार नाही हा समज पहिल्या दहा मिनिटांत जातो. उतारावर सायकल उभ्याने चालवायची असते आणि मांड्यांना ऑक्सिजन लागतोच.

ऑफ द टॉप नावाचा ट्रेल माथ्यावरून सुरू होतो. मध्यम पातळीचा आहे, दिसायलाही सोपा, उघड्या उतारावरून नागमोडी खाली जातो, झाड नाही काही नाही. पहिली दोन वळणं झाली, मला वाटलं आपल्याला जमतंय. तिसऱ्या वळणावर सवयीने पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला आणि पुढचं चाक जे गेलं ते गेलंच, आवाज नाही, झटका नाही, मी आपला शांतपणे आडवा. वेग किती असेल, चालण्याइतका. वरून मेव्हणा ओरडतोय, "दाजी, वळणात पुढचा ब्रेक सोडा! आधी दाबा, मग वळा!" त्याचं बरोबर होतं, पण तोंडात भुगा गेलेल्या माणसाला कोणाचंच बरोबर वाटत नाही.

पण त्याने सांगितलेलं ते एक वाक्य म्हणजे या पार्कची किल्ली आहे. नेहमीच्या मातीवर आपण वळणातही थोडा थोडा ब्रेक धरून असतो आणि माती ते खपवून घेते. इथे टायरखाली गोट्या आहेत असं समजायचं. वेग वळणाच्या आधी, सरळ असतानाच कमी करायचा, मग बोटं सैल, बाहेरच्या पायावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. सायकल थोडी घसरणारच, घसरू द्यायची, ती आपली आपण सावरते. हे शेवटचं मला दुसऱ्या दिवशी दुपारी पटलं. पहिल्या दिवशी चार वेळा पडलो, चारही वेळा डावीकडेच, का ते माहीत नाही.

माथ्यावरून खाली यायचा दुसरा रस्ता म्हणजे कामिकाझे. डाउनहिल रेसिंगचा इतिहास माहीत असेल तर नाव ऐकलं असेल, १९८५ साली इथे पहिली कामिकाझे रेस झाली आणि लोक या रुंद खडबडीत सर्व्हिस रोडवरून ताशी ६० मैलांच्या आसपास वेगाने खाली येऊ लागले, तेही सुरुवातीला सस्पेन्शन नसलेल्या सायकलींवर. मी आज सहा इंच दबणाऱ्या सस्पेन्शनच्या सायकलवर, फुल फेस हेल्मेट, गुडघे-कोपरांना पॅड असं सगळं घालून आलो, अख्खा रस्ता ब्रेक धरून, आणि खाली पोचलो तेव्हा बोटं सरळ होत नव्हती. ट्रेल म्हणून त्यात फार काही नाही, रस्ताच आहे तो. पण एकदा जावंच, ते लोक किती वेडे होते ते हातांना कळतं.

भाड्याच्या सायकलबद्दल. माझी स्वतःची हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, म्हणून गावातल्या एका दुकानातून फुल सस्पेन्शन घेतली, नाव लिहीत नाही. घेताना घाईत होतो, ब्रेक दाबून बघितला, ठीक वाटला. तिसऱ्या रनला, म्हणजे तिसऱ्यांदा खाली उतरताना, मागच्या चाकातून किस पाडल्यासारखा आवाज यायला लागला, बघतो तर ब्रेकचे पॅड पार संपलेले, त्यांच्यामागचा पत्रा चाकाच्या डिस्कवर घासतोय. परत केल्यावर तो काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणतो की पॅड तुम्हीच संपवले, पैसे द्या. तीन रनमध्ये? बरीच हुज्जत झाली, शेवटी निम्म्यावर मिटवलं. चूक माझीही आहे, या धुळीत पॅड खरंच भराभर झिजतात हे तो म्हणाला ते खोटं नाही, फक्त तीन रनमध्ये नाही झिजत. तेव्हा सायकल कुठूनही घ्या, चाक काढायला लावून पॅडची जाडी डोळ्यांनी बघा, टायरच्या कडेच्या गुट्ट्या शाबूत आहेत का बघा, आणि जमलं तर सायकल बाहेर काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

स्वतःची सायकल नेत असाल तर चेनला वेट ल्यूब, म्हणजे ओलं राहणारं तेल, अजिबात घालू नका. मेव्हण्याने घातलं होतं, संध्याकाळपर्यंत चेनवर वाटलेल्या मसाल्यासारखा काळा लगदा. मेणाचं ड्राय ल्यूब बरं पडतं. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्या दर दोन-तीन रननंतर स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर ही पूड सीलमध्ये जाते आणि ती मुळातच घासायची पूड आहे हे विसरू नका. गॉगल हवाच, साधा चष्मा चालत नाही. नाकातोंडावर बफ, म्हणजे गळ्यात घालायचं कापडी नळकांडं. एवढं करूनही रात्री नाक शिंकरलं की रुमाल करडा होतो आणि मोजे काढले की घोट्यावर असा रेघ मारल्यासारखा रंग बदलतो की दुसऱ्याचेच पाय जोडलेत असं वाटतं. आणि पुढच्याच्या मागे चिकटून जाऊ नका. धूळ खाली बसायला वेळ लागतो, सावलीतून उन्हात येताना तर समोर पांढरा पडदाच, त्यात दगडही दिसत नाही. आम्ही तीस-चाळीस सेकंद मोजून निघायचो.

पहिल्या दिवशी दुपारी ढग जमले, गडगडाट सुरू झाला आणि लिफ्ट बंद. उन्हाळ्यात सिएरात दुपारचं हे नेहमीचंच, विजेच्या वेळी उघड्या माथ्यावर कोणी नको म्हणून बंद करतात, बरोबरच आहे. फक्त त्या हिशोबाने सकाळी लवकर पोचायचं. रिकाम्या वेळात आम्ही गाडी काढून हॉर्सशू लेकला गेलो. तिथे झाडांचे सांगाडे उभे आहेत, पानं नाहीत, साल नाही. १९८९ साली डोंगराखाली भूकंपांची मालिका झाली, त्यानंतर जमिनीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर यायला लागला आणि १९९० पासून मुळं गुदमरून झाडं मरत गेली. खड्ड्यात, खोलगट जागी बसू नका असे बोर्ड आहेत. दिवसभर ज्या डोंगरावर पडत होतो तो अजून श्वास घेतोय म्हटल्यावर जरा गप्प झालो दोघं.

आणि रात्री पाऊस झाला. बराच वेळ पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळचा तो डोंगर मी ओळखलाच नाही. रंग करड्याचा गडद तपकिरी झालेला, धूळ शून्य, आणि टायर जमिनीत रुतून बसल्यासारखे धरत होते. भोकंभोकं असलेली जमीन, पाणी साचत नाही, चिखल होत नाही, नुसती ओलसर होऊन दबते. ओल्या वाळूत किल्ला करतो ना, तशी. आम्ही खालच्या झाडीतले ट्रेल पकडले, शॉटगन, ब्रेक थ्रू, परत परत तेच. ज्या वळणाला काल पाय खाली टेकवत होतो तिथे आज ब्रेकच लागत नव्हता. साडेअकरापर्यंत एवढं मस्त चाललं होतं की जेवायची आठवण नाही. मग ऊन चढलं, एक वाजता पहिली धूळ उडाली, आणि तीन वाजेपर्यंत पुन्हा रवा. वरच्या उघड्या भागात तर त्याच्याही आधी.

म्हणून माझं मत विचाराल तर माथ्यावर एकदाच जा, नजाऱ्यासाठी आणि सांगण्यापुरतं. बाकी वेळ खाली झाडीत घालवा, सावलीत ओल टिकते आणि मुळांनी माती धरून ठेवलेली असते. ब्रेकमुळे वळणांच्या आधी जे आडवे उंचवटे होतात ते मात्र सगळीकडे आहेत, पत्र्याच्या पन्हाळींसारखे, त्याला इलाज नाही. घरच्यांना, नवशिक्यांना घेऊन जात असाल तर डाउनटाउन नावाचा ट्रेल मेन लॉजहून थेट गावात उतरतो, सोपा आहे, आणि परत वर यायला शटल आहे. माझी बायको त्यावर तीनदा गेली आणि एकदाही पडली नाही, हे ती अजून ऐकवते.

पुढच्या वेळी तिकीट हवामान बघून काढायचं ठरवलंय, आदल्या दिवशी पाऊस असेल तरच. मेव्हण्याला हे मान्य नाही, त्याला कोरड्यातच मजा येते म्हणे.